आधी डाव, मग नाव

मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर धामणगाव आणि पुलगाव यांच्या मध्ये तळणी नावाचं छोटं स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथल्या मोकळ्या रानात ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी दुर्बिणी आणि कॅमेरे मांडून सज्ज होती. खग्रास सूर्यग्रहण होतं आणि सूर्य पूर्ण झाकलेला राहणार होता जेमतेम दोन मिनिटं. या मंडळींत एकोणतीस वर्षांची एक आयरिश बाई होती, अ‍ॅनी माँडर. तिच्या कॅमेऱ्याचं भिंग अवघं दीड इंचाचं. ते घ्यायला तिच्या जुन्या कॉलेजने, केंब्रिजच्या गर्टनने, अनुदान दिलं होतं. भिंग लहान असलं तरी त्यात आकाशाचा मोठा तुकडा मावत होता, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. त्या दोन मिनिटांत तिच्या फोटोच्या काचेवर सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक झोत उमटला. लांबी सुमारे साठ लाख मैल. एवढा लांब झोत त्याआधी कुणालाही टिपता आला नव्हता.

चंद्राची ती सावली कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि ईशान्येकडे सरकत गेली. वाटेत सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर होतं. तिथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली यंत्रं घेऊन आले होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही होती. पुढे तळणी, पुलगाव, मग सातपुडा, शहडोल आणि शेवटी बक्सर. भारताच्या नकाशावर तळणी ते शहडोल दोरा ताणून बघा. तो मध्य प्रदेशातल्या शिवनी आणि बालाघाट यांच्या मधून जातो. आज बालाघाटजवळच्या कटंगी किंवा वारासिवनीच्या शाळेत बसलेल्या मुलाच्या खापरपणज्याच्या डोक्यावर त्या दुपारी अंधारून आलं असणार. पण मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात ना ते ग्रहण सापडतं, ना ती बाई.

खगोलशास्त्रातल्या स्त्रिया मुलांना शिकवायच्या कशा, याचं उत्तर मला या दोऱ्यात दिसतं. फळ्यावर नावं लिहून ते होत नाही. मुलांच्या हातात दोरा द्यावा लागतो.

तक्ता लावला की काम झालं?

११ फेब्रुवारी हा विज्ञानातल्या स्त्रिया आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस आणि २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. या दोन तारखांच्या आसपास शाळाशाळांतून तक्ते लागतात. कल्पना चावला, सुनीता विल्यम्स आणि फार तर मेरी क्युरी. तिघींपैकी खगोलशास्त्रज्ञ एकही नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मग ‘जोड्या लावा’ होतं, बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळते आणि मार्चच्या परीक्षेपर्यंत सगळी नावं पुसली जातात. मुलांना विसराळू म्हणण्यात अर्थ नाही. अडकवायला खुंटीच नसेल तर नाव टिकावं कशावर?

चित्रं काढायला लावलं की ही पोकळी उघडी पडते. ‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ एवढंच सांगायचं, पुढे काही बोलायचं नाही. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये या खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४,८०७ मुलांच्या चित्रांपैकी फक्त २८ चित्रांत बाई होती आणि ती अठ्ठावीसही मुलींनी काढलेली. पुढच्या दशकांत अमेरिकेत हे प्रमाण बरंच सुधारलं. आपल्याकडे कोणत्याही शिक्षकाला कोरा कागद वाटून आपल्या वर्गाचा निकाल अर्ध्या तासात हातात घेता येतो. पहिला खेळ हाच असावा. त्याला गुण द्यायचे नाहीत. चित्रं जपून ठेवायची आणि वर्षअखेरीस पुन्हा काढून घ्यायची.

मध्य प्रदेशाचा वारसा

खेळातून विज्ञान शिकवणं मध्य प्रदेशाला नवं नाही. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला, पुढे १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने सांभाळला. पाठ्यपुस्तकाच्या जागी ‘बाल वैज्ञानिक’ नावाची कृतिपुस्तकं आली, टोळ्या करून मुलं प्रयोग करू लागली, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा मिळाली. २००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो हजारभर शाळांपर्यंत पोचला होता.

याच होशंगाबादेत १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन एक तरुण इंजिनीअर आला होता, अरविंद गुप्ता. सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या एवढ्यावर त्यांनी भूमितीचे सांगाडे उभे केले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत, सुनीताबाई देशपांडे यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानतर्फे दिलेल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली आणि मुलांना करायला शिकवली. बालाघाटच्या शिक्षकाला पुणं लांब आहे, पण काड्यापेटी आणि सायकलचं दुकान बसस्टँडवरच मिळतं.

या दोन्ही परंपरांनी एक गोष्ट पक्की शिकवली: मुलाच्या हाताने झालेलं काम त्याच्या डोक्यात राहतं. खगोलशास्त्रातल्या स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच सोयीचं आहे. त्यांच्या वाट्याला आलेलं काम बहुतेक निवडण्याचं, लावण्याचं, मोजण्याचं आणि ताडून बघण्याचं होतं. मोठ्या दुर्बिणीला हात लावायला त्यांना मज्जाव होता, पण काचा आणि कागद त्यांच्या टेबलावर येत. आठवीच्या वर्गात दुर्बीण नसते. कागद मात्र असतो.

टिकल्यांचं फुलपाखरू

अ‍ॅनी माँडरपासूनच सुरुवात करू. १८९१ मध्ये ती ग्रिनिच वेधशाळेत महिना चार पौंडांवर ‘लेडी कॉम्प्युटर’ म्हणून लागली. काम होतं सूर्याचे रोजचे फोटो घेणं आणि त्यांवरचे डाग मोजणं. ग्रिनिचला ढग असले की ती भोकं भरायला देहरादूनहून फोटो जात. म्हणजे या कामात आपलंही ऊन लागलेलं आहे. १८९५ मध्ये तिने वेधशाळेतलेच वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न केलं आणि सरकारी नियमाप्रमाणे तिची नोकरी गेली. काम मात्र तिने सोडलं नाही. १९०४ मध्ये दोघांनी मिळून सौरडागांचा जो आलेख काढला, तो आज ‘फुलपाखरू आलेख’ म्हणून जगभर शिकवला जातो.

हा आलेख वर्गात मांडायला दोन कार्डशीट आणि टिकल्यांची चार-पाच पाकिटं पुरतात. आडव्या कडेवर वर्षं लिहायची, उभ्या कडेवर सूर्याचे अक्षांश. मधली रेघ म्हणजे सूर्याचं विषुववृत्त. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी मिळते: अमुक वर्षी डाग कुठल्या अक्षांशांवर दिसले. सरांनी किंवा मॅडमनी हे आकडे आधी खऱ्या नोंदींतून उतरवून ठेवायचे. ते खुले आहेत. मुलं एकेक करून येतात आणि आपल्या चिठ्ठीप्रमाणे टिकल्या लावतात. पहिल्या दहा-बारा मुलांपर्यंत नुसता पसारा दिसतो. मग कुणाच्या तरी ध्यानात येतं की सुरुवातीच्या टिकल्या रेघेपासून दूर, तीस अंशांच्या आसपास आहेत आणि पुढच्या पुढच्या वर्षांतल्या रेघेजवळ सरकत आहेत. अकराएक वर्षांनी सगळं पुन्हा दुरून सुरू होतं. वरचा पंख, खालचा पंख, आणि शेजारी दुसरं फुलपाखरू.

या खेळात एकच नियम मोडायचा नाही: शेवटी काय उमटणार, हे कुणीही आधी फोडायचं नाही. वर्गातून ‘फुलपाखरू!’ असं कुणी ओरडलं, की मग बाईचं नाव सांगायचं. आता ते चिकटायला जागा झालेली असते.

फाशावरचा न्याय

तिसरा खेळ सापशिडी. मराठीत तिचं जुनं रूप मोक्षपट. त्यात शिड्या पुण्याच्या, साप पापाचे. आपल्या पटावर शिड्या संधीच्या आणि साप नियमांचे. गंमत अशी की पट दोन करायचे. फासा एकच, घरं तेवढीच, शिड्याही सारख्या. पण दुसऱ्या पटावर चार साप जास्त. ‘परीक्षा उत्तम दिली, पदवी मिळणार नाही.’ ‘लग्न झालं, नोकरी सोडा.’ ‘संस्थेने सभासदत्व नाकारलं.’ ‘शोध तुझा, बक्षीस साहेबांना.’

यातला एकही साप कल्पनेतला नाही. केंब्रिजने अ‍ॅनीला १८८९ मध्ये परीक्षेला बसू दिलं, गणितात मानाचं स्थान दिलं, पदवी दिली नाही, कारण ती बाई. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ मध्ये तिचं नाव फेटाळलं आणि १९१६ मध्ये स्वीकारलं. चोवीस वर्षं एकाच घरात अडकलेली सोंगटी. चौथा साप जोसलिन बेलचा. १९६७ मध्ये पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्याने स्पंदनं पाठवणारा तारा, तिला दिसला, १९७४ चं नोबेल तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं.

खेळताना मुलांना आधी काही सांगायचं नाही. दुसऱ्या पटावरचा गट सारखा खाली घसरतो, चिडतो आणि ‘हा रडीचा डाव आहे’ म्हणून उठतो. त्याच क्षणी बाईंनी दोन्ही पट शेजारी ठेवायचे. स्त्री-पुरुष समानतेवर अर्ध्या तासाच्या भाषणाने जे होत नाही, ते तेवढ्यात होतं. पुढच्या डावात मात्र गट बदलायचे, म्हणजे जास्तीच्या सापांचा पट दुसऱ्या गटाच्या वाट्यालाही येईल.

मंद लुकलुकणारा टॉर्च

चौथा खेळ मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात विश्वाचं मोजमाप आहे. हेन्रिएटा लेव्हिट हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या फोटोपट्ट्या तपासत असे. पट्ट्या येत दक्षिण अमेरिकेतल्या पेरूहून. तिथून मॅजेलनचे मेघ दिसतात, आपल्याकडून ते दिसत नाहीत. या मेघांत तिने १,७७७ असे तारे शोधले, ज्यांचा प्रकाश कमीजास्त होतो. १९१२ मध्ये तिने धाकट्या मेघातल्या २५ ताऱ्यांचा हिशेब मांडला आणि एक सरळ नियम समोर आला: जो तारा सावकाश लुकलुकतो, तो मुळातच जास्त तेजस्वी. सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावरचे, म्हणून ही तुलना खरी ठरली. हा नियम हातात होता म्हणून एडविन हबल यांना १९२०च्या दशकात देवयानी ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची वेगळी दीर्घिका आहे, हे सिद्ध करता आलं.

वर्गात काय करायचं? खिडक्यांना सतरंज्या लावून खोली अंधारी करायची. एका मुलीला लहान टॉर्च देऊन जवळ उभं करायचं, दुसरीला मोठा टॉर्च देऊन व्हरांड्याच्या टोकाला. मागेपुढे करून दोन्ही उजेड सारखे दिसतील अशी जागा शोधायची. मग वर्गाला विचारायचं, ‘मोठा टॉर्च कुणाकडे?’ नुसतं बघून कुणालाही सांगता येणार नाही. आता नियम जाहीर करायचा: लहान टॉर्च दोन अंक मोजून झाकायचा, मोठा आठ अंक मोजून. मुलं मोठ्याने मोजू लागतात. दोन. दोन. दोन. आणि तिकडे आठ. तो मोठा आहे, तरी इकडच्यासारखाच दिसतो, म्हणजे तो लांब आहे! अंतर न चालता, टेप न लावता कळलं. लेव्हिटने याहून वेगळं काही केलं नव्हतं. फक्त तिचा व्हरांडा अफाट लांब होता आणि तिला त्याबद्दल तुटपुंजा पगार मिळे. हार्वर्डच्या या गणक स्त्रियांचा दर तासाला २५ सेंटच्या आसपास होता. १९२५ मध्ये स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी तिचं नाव सुचवायचा विचार केला, तेव्हा त्याला कळलं की ती १९२१ मध्येच वारली.

हार्वर्डच्याच खोल्यांत आणखी डाव दडलेले आहेत. विल्यमिना फ्लेमिंग ही संचालक पिकरिंग यांच्या घरची मोलकरीण. तिने अश्वशीर्ष तेजोमेघ शोधला. अ‍ॅनी जंप कॅनन हिला कमी ऐकू येत असे. तिने सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचे वर्णपट डोळ्यांनी वाचून लावले. रंगीत पट्ट्यांवर काळ्या रेघा मारून केलेली तीस-चाळीस कार्डं वाटली, की मुलंही आपापली वर्गवारी करतात आणि कुणाची बरोबर यावर भांडतात. सिसिलिया पेन हिने १९२५ मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. त्यासाठी तिने आपल्या मेघनाद साहा यांचं समीकरण वापरलं होतं. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने ‘हे शक्य नाही’ म्हटल्यावर तिने प्रबंधात निष्कर्ष सौम्य केला. चार वर्षांनी त्याच ज्येष्ठाने तो मान्य केला. यावर एक छोटं नाटुकलं बसवता येतं: एक जण पेन, एक जण साहेब, आणि वर्गाने ठरवायचं की पेनने काय लिहावं.

जोसलिन बेलसाठी दुकानातल्या बिलाच्या मशीनचा कागदी रोल आणायचा. तिच्या दुर्बिणीतून रोज शंभरएक फूट कागद बाहेर पडे आणि त्यात पाव इंचाचा एक वेडावाकडा खरखरीत तुकडा तिला खटकला. रोलवर रेघोट्या ओढायच्या, पाच ठिकाणी तोच तुकडा लपवायचा आणि गटांना शोधायला लावायचं. सापडल्यावर टाळ्या वाजवायच्या, एक आणि एकतृतीयांश सेकंदाला एक. पहिल्या पल्सारचा ठेका हाच.

बैहरची आजी

एवढ्यावर थांबलं तर मुलांना वाटेल की आकाश विलायती बायकांनीच बघितलं. म्हणून बिभा चौधुरींचं नाव हवं. वैश्विक किरणांवर काम करणाऱ्या या बंगाली शास्त्रज्ञ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) पहिल्या संशोधक स्त्रियांपैकी. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने एका ताऱ्याला ‘बिभा’ नाव दिलं. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं ‘संतमस’ हे नाव सुचवलं पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने.

पण खगोलशास्त्र त्याहूनही जवळ आहे. टीआयएफआरचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांत हिंडून तिथलं आकाशज्ञान गोळा केलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. सप्तर्षींतले चौकोनातले चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला टपलेले चोर, ही त्यातली एक गोष्ट. बालाघाट जिल्ह्यात बैहरकडे गोंड आणि बैगा वस्ती मोठी आहे. तिथल्या शाळेत गृहपाठ असा द्यावा: आजीला विचारून ये, तुझ्या आकाशात कोण कोण आहे? दुसऱ्या दिवशी मुलांनी काळ्या कागदावर खडूने ते तारे मांडायचे आणि बाकीच्यांनी गोष्ट ओळखायची. ज्या घरात कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही, त्या घरातून वर्गात पहिल्यांदाच काहीतरी ‘ज्ञान’ म्हणून येतं, आणि सांगणारी बाई असते. गोंडी, पोवारी, मराठी, हिंदी, जी भाषा आजीची ती चालेल.

दिवसाचं आकाश

खगोलशास्त्र म्हटलं की रात्रीचं आकाशदर्शन ठरतं. मुलगे सायकलवर येतात, मुली येत नाहीत. घरून सोडत नाहीत, परतायचं कसं हा प्रश्न असतो, आणि आयोजक म्हणतात, ‘मुलींना रस नाही.’ माझा आग्रह असा की आकाश दिवसा शिकवा. सूर्य हाही ताराच आहे आणि तो शाळेच्या वेळेत उगवलेला असतो. फक्त त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, एवढं पथ्य. सावलीवर काम करायचं.

बालाघाट कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २१.८ अक्षांशावर आहे. म्हणून तिथे वर्षातून दोनदा सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते: एकदा मे महिन्याच्या अगदी शेवटी, एकदा १३ जुलैच्या आसपास. मेमध्ये ऊन रणरणतं, पण शाळेला सुट्टी. जुलैमध्ये शाळा भरलेली, पण पाऊस. तरी सव्वाबाराच्या सुमारास दहा मिनिटं उघडीप मिळाली तरी पुरे. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या लांजीच्या आणि उत्तरेकडच्या बैहरच्या शाळांनी आपापल्या तारखा फोनवरून एकमेकींना कळवल्या, तर जुलैत बैहरला सावली आधी नाहीशी होते आणि लांजीला नंतर, हे मुलांना स्वतःच सापडेल. तळणीचं ग्रहणही दिवसाचंच होतं, फुलपाखराचे डागही दिवसाचेच.

अडचणी आहेत. पोर्शन संपवायचा असतो, एका शिक्षकावर दोन वर्ग असतात, खेळ म्हटला की मुख्याध्यापक खिडकीतून डोकावतात. त्याहून मोठी अडचण वर्गातच असते: टॉर्च मुलगे धरतात, नोंदी मुली लिहितात. हार्वर्डमध्ये दुर्बीण पुरुषांकडे आणि वही बायकांकडे होती, ते चित्र नकळत पुन्हा उभं राहतं. म्हणून कुणी काय करायचं हे दर डावाला चिठ्ठ्या टाकूनच ठरवावं. आणि जिंकण्याहरण्याला फार चढू देऊ नये. शर्यत झाली की हुशार चौघे खेळतात, बाकीचे बघतात.

हे सगळं जुन्या काळाचं कौतुक नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून आदित्य एल-१ हे भारताचं सूर्ययान निघालं, ६ जानेवारी २०२४ रोजी मुक्कामी पोचलं. त्याच्या प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी. त्यावरचं मुख्य यंत्र ज्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने बनवलं, तिच्या तेव्हाच्या संचालक अन्नपूर्णी सुब्रमणियम. ते यंत्र बघतं सूर्याचं प्रभामंडलच. अ‍ॅनी माँडरला त्यासाठी दोन मिनिटं मिळाली होती. आदित्यला ग्रहणाची वाट बघावी लागत नाही.

बालाघाट, गोंदिया, भंडाऱ्याच्या शिक्षकांना एवढंच सांगणं आहे. येत्या फेब्रुवारीत तक्ता लावू नका. २२ जानेवारीपासून सुरुवात करा: नकाशा भिंतीवर टाका, तळणी ते शहडोल दोरा ताणा, आपलं गाव त्याच्या किती जवळ येतं ते मुलींना पट्टीने मोजू द्या. खर्च एका दोऱ्याच्या रिळाचा आणि टिकल्यांच्या पाच पाकिटांचा. नावं आपोआप लक्षात राहतील.